घार, ग्लायडर आणि ५२५ किलो

मागच्या रविवारी भाचीला घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. ताई-भावजींना घरात निवांत दोन तास मिळावेत हा अधिकृत हेतू, आणि येताना पाचूबंदराच्या बाजूने ताजी मासळी आणावी हा खरा हेतू. पाचूबंदराला मासळीची सतत उलाढाल, त्यामुळे किल्ल्याच्या त्या अंगाला घारींना तोटा नसतो. अकराच्या सुमारास उन्हाने जमीन तापली आणि बघता बघता सात-आठ घारी गोल गोल फिरत वर चढायला लागल्या. एकही पंख हलवत नव्हती.

भाची सातवीत आहे. या वयात प्रश्न फार असतात.

"मामा, ह्या पंख न हलवता वर कशा जातात?"

इंजिनियर माणसाला आयताच फुलटॉस. तापलेल्या जमिनीवरची हवा गरम होऊन वर जाते, घार त्या वर जाणाऱ्या हवेच्या खांबात गोल फिरत राहते, हवा तिला फुकटात वर नेते, मग ती सरळ घसरत दुसऱ्या खांबाकडे जाते, वगैरे सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"म्हणजे घार जितकी हलकी तितकी चांगली ना? हलकी असली की भरभर लांब जाईल."

"अर्थात! उघड आहे. म्हणून तर विमानतळावर बॅगेचं वजन करतात," असं म्हणून मी विषय मिटवला.

रात्री सहज म्हणून वाचायला बसलो आणि लक्षात आलं की मी पोरीला चक्क थाप मारली. 'वर चढायला हलकं बरं' इथपर्यंत ठीक. पण 'भरभर लांब जायला हलकं बरं' हे साफ चूक. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, ते घारीच्याच तंत्राने उडतं. आणि ग्लायडरच्या शर्यतीत लोक पंखांच्या आतल्या टाक्यांमध्ये मुद्दाम दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी भरून निघतात. कशाला? तर वजन वाढावं म्हणून! हे इतकं वाढत गेलं की शेवटी आंतरराष्ट्रीय संघटनेला नियम करावा लागला, 'बाबांनो, यापुढे जड नको.'

या नियमाचा इतिहास शोधताना दोन विकांत गेले. मला वाटलं होतं एखादा आकडा सापडेल आणि विषय संपेल. सापडली ती निराळीच गोष्ट. त्यात न झालेलं ऑलिंपिक आहे, आपल्याकडची नक्षत्रांच्या नावाची लाकडी विमानं आहेत आणि नियम करणारे विरुद्ध पळवाटा शोधणारे हा आपल्या धंद्यातल्या लोकांना चांगलाच ओळखीचा सामनाही आहे.

*

आधी थोडं विज्ञान, कारण ते कळल्याशिवाय पुढची भांडणं कळणार नाहीत.

बोरघाट आठवा. माल भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक, दोघेही उतारावर गियर काढून सोडले (कृपया करू नका), तर भरलेला जास्त वेग पकडतो. उतार तोच, पण ओढणारं वजन जास्त. ग्लायडर कायम उतारावरच असतो. चांगल्या ग्लायडरचा उतार चाळीसास एक असतो, म्हणजे एक किलोमीटर उंचीवरून सोडला तर शांत हवेत साधारण चाळीस किलोमीटर पुढे जाऊन टेकतो. आता गंमत अशी की हा उतार वजनावर जवळजवळ अवलंबूनच नसतो. वजन वाढवलं तरी तो त्याच चाळीस किलोमीटरवर उतरेल, फक्त लवकर उतरेल. वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. समजा ३५० किलोचा ग्लायडर ताशी ९५ किलोमीटरने सगळ्यात चांगला घसरतो. त्याचंच वजन पाणी भरून ५२५ किलो केलं, तर तोच उतार तो ११६ च्या वेगाने घसरेल. शर्यत तीन-चारशे किलोमीटरची, ठरलेल्या ठिकाणांना वळसा घालून सगळ्यात आधी परत यायचं. वीस किलोमीटरचा फरक म्हणजे चैन झाली.

पण फुकट काही नाही. जड ग्लायडर खाली बसण्याचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे वर चढताना तो हळू चढतो. शिवाय त्याला गोल फिरायला मोठं वर्तुळ लागतं. कलण्याचा कोन तोच ठेवला तर दीडपट वजनाला दीडपट त्रिज्या. गरम हवेचे खांब सकाळी नि संध्याकाळी बारीक असतात, त्यात हे मोठं वर्तुळ मावत नाही. मग वैमानिक काय करतो? झडप उघडतो आणि पाणी सोडून देतो. एकदा सोडलं की सोडलं, वर कोणी नळ ठेवलेला नाही. त्यामुळे 'आत्ता सोडू की अजून थोडं थांबू' हा त्या खेळातला मोठा जुगार.

हा हिशेब नीट मांडणाऱ्यांत पॉल मॅक्रेडी हे मोठं नाव. हा अमेरिकन गडी १९५६ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत विजेता ठरला. दोन खांबांमधलं अंतर किती वेगाने कापायचं, याचं त्याचं गणित ग्लायडर वैमानिक आजही वापरतात. पुढचा खांब जोरदार मिळणार असेल तर बेधडक पळा, कमजोर असेल तर जपून. या गणितातून सरळ निघतं की दिवस चांगला असेल तर जड असणं फायद्याचं. नियतीचा विनोद असा की याच मॅक्रेडीने पुढे माणसाच्या पायडलवर उडणारं विमान बनवलं आणि १९७९ मध्ये त्याच्या 'गॉसमर अल्बट्रॉस'ने इंग्लिश खाडी ओलांडली. त्या विमानाचं वजन होतं जेमतेम ३२ किलो. एकाच डोक्यात दोन्ही टोकं!

*

आता इतिहास.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमान बनवण्यावर बंधनं आणली. तहाने इंजिनाचा रस्ता अडवला, मग पोरं बिनइंजिनाच्या मागे लागली. १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर दरवर्षी स्पर्धा व्हायला लागल्या आणि १९३७ मध्ये तिथेच पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तेव्हा वजनाचा वगैरे प्रश्न फारसा नव्हता. ज्याचे पंख लांब, त्याचा ग्लायडर भारी. आणि लांब पंख म्हणजे जास्त पैसे.

पैशाचा हा वास पहिल्यांदा जाणवला तो ऑलिंपिकच्या निमित्ताने. १९४० च्या ऑलिंपिकमध्ये ग्लायडिंगचा समावेश व्हायचा होता. मग ठरलं की सगळ्या देशांनी एकच ग्लायडर वापरायचा, म्हणजे स्पर्धा माणसांची होईल, तिजोऱ्यांची नाही. १९३९ च्या फेब्रुवारीत इटलीत चाचण्या झाल्या आणि जर्मनीच्या हान्स याकोब्सचं 'ऑलिंपिया' हे डिझाइन निवडलं गेलं. पंख १५ मीटर, लाकडी, साधंसुधं. सहा-सात महिन्यांत महायुद्ध सुरू झालं आणि ऑलिंपिक रद्द. ग्लायडिंग पुन्हा कधीही ऑलिंपिकमध्ये आलं नाही. पण 'सगळ्यांना परवडेल असा ग्लायडर' ही कल्पना मात्र मेली नाही.

युद्धानंतर पन्नाशीच्या दशकात खुल्या गटातले ग्लायडर पुन्हा मोठे, जड आणि महाग होत चालले. तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने 'स्टँडर्ड' नावाचा गट काढला. नियम वाचताना मला ते फार प्रामाणिक वाटले. पंख १५ मीटरच्या वर नाहीत. पंखाच्या मागच्या कडेला हलवता येणारे फ्लॅप नाहीत. चाक आत ओढून घ्यायची सोय नाही. आणि मुख्य म्हणजे सोडून देता येणारं पाणी नाही. थोडक्यात, स्वस्तात बनवा, सोपं बनवा आणि उडा. १९५८ मध्ये पोलंडमधल्या लेश्नो इथे या गटाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्या वर्षी सर्वोत्तम स्टँडर्ड डिझाइनचं बक्षीस मिळालं जर्मनीच्या का-सिक्स या लाकडी ग्लायडरला. त्याचं माणसासकट कमाल वजन ३०० किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

आता आपल्याकडे येऊ.

स्वातंत्र्यानंतर सरकारने ग्लायडिंगला बऱ्यापैकी आधार दिला. कारण सरळ होतं, देशाला वैमानिक हवे होते आणि पेट्रोल जाळून शिकवणं परवडणारं नव्हतं. ठिकठिकाणी केंद्रं निघाली. आपल्या महाराष्ट्रातलं केंद्र पुण्याला हडपसरला, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं. तिथे लांब तारेच्या टोकाला ग्लायडर बांधतात आणि दुसऱ्या टोकाला यंत्रावरचं रीळ ती तार जोरात गुंडाळतं, की ग्लायडर पतंगासारखा वर. उंची मिळाली की तार सुटते.

हे हडपसरलाच का, आमच्या वसईला का नाही, हा प्रश्न मला साहजिकच पडला. उत्तर समुद्रात आहे. दुपारी समुद्रावरून येणारा गार, दमट वारा आमच्याकडची तापलेली हवा दाबून टाकतो, त्यामुळे खांब बुटके आणि बारीक. घाट चढून पठारावर गेलं की मार्च ते मे कोरडी, रखरखीत जमीन तापते आणि खांब थेट वर जातात. वसईची हवा घारीला पुरते, कारण घारीचं वजन असतं पाऊण किलोच्या आसपास नि पंख मोठे. पाच किलोचं गिधाड याच कामाला जास्त कडक ऊन मागतं. कॉलिन पेनिक्विक नावाच्या इंग्रज संशोधकाने आफ्रिकेत सेरेंगेटीच्या माळावर मोटर-ग्लायडर घेऊन गिधाडांच्या मागे मागे उडून त्यांचा अभ्यास केला होता. (काय नोकरी आहे राव! आमच्या नशिबी विरार फास्ट.)

असो. तर केंद्रं निघाली, पण ग्लायडर आणायचे कुठून? परकीय चलन नाही. मग नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्राने ते इथेच बनवायचं ठरवलं. आणि नावं बघा: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. पंचांग हाताळलेल्या कोणालाही हा क्रम लगेच कळेल. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा. नक्षत्रं ओळीने घेतली आहेत! आमच्या वसईतले जुने शेतकरी रोहिणी-मृग-आर्द्रा ही नावं घेतात ती पावसाच्या हिशेबाने. एकदा मृगाचा पाऊस लागला की ग्लायडिंग बंद, कारण जमीनच तापत नाही. म्हणजे जी नक्षत्रं लागल्यावर उडणं थांबतं, त्यांचीच नावं उडणाऱ्या यंत्रांना. ज्या कोणाला हे सुचलं त्याला माझा नमस्कार.

यातली रोहिणी म्हणजे शेजारी-शेजारी बसायची, दोघांची, शिकवण्यासाठीची. देशभरातल्या ग्लायडिंग क्लबांत ती होती. आर्द्रा हिंदुस्तान एरोनॉटिक्सने एनसीसीच्या मुलांसाठी बनवली, १९७९ मध्ये तिचं पहिलं उड्डाण झालं. पण माझ्या गोष्टीचा नायक आहे कार्तिक. एस. रामामृतम यांचं हे डिझाइन १९६३ मध्ये पहिल्यांदा उडालं. एका माणसाचं, लाकडी आणि स्टँडर्ड गटाच्या नियमांत बसेल असं.

हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. विचार करा, साल १९६३. चीन युद्ध नुकतंच झालेलं, धान्याचीही चणचण. आणि एका सरकारी खात्यातली मंडळी आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक समोर ठेवून म्हणताहेत की १५ मीटर, लाकूड, ठोकळ चाक, पाणी नाही, हे तर आपल्यालाही जमेल! नियमच असा होता की गरीब देशाच्या सुतारशाळेतून निघालेला ग्लायडर आणि जर्मनीतल्या नावाजलेल्या कारखान्यातून निघालेला ग्लायडर निदान कागदावर तरी एका रांगेत उभे राहू शकत होते. नियम म्हणजे नेहमी अडवणूकच असते असं नाही. कधी कधी नियम हे आमंत्रण असतं. स्टँडर्ड गटाचा नियम हे आमंत्रण होतं आणि दिल्लीतल्या लोकांनी ते स्वीकारलं होतं.

*

मग गडबड कुठे झाली?

गडबडीची सुरुवात एका चांगल्या शोधापासून झाली. १९५७ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा पहिला ग्लायडर उडवला. लाकडाच्या पंखाला कितीही घासा, त्याचा आकार थोडा तरी इकडेतिकडे होतोच. साच्यातून काढलेला काचतंतूचा पंख आरशासारखा गुळगुळीत. शिवाय मजबूत, म्हणजे जास्त वजन पेलणार. आणि आतून पोकळ, म्हणजे पाण्याची पिशवी ठेवायला जागाच जागा.

दुसरीकडे नियमांतल्या चुका दिसायला लागल्या. चाक आत घ्यायचं नाही म्हटल्यावर डिझायनरांनी ते चाक पोटात इतकं खोल बसवलं की जेमतेम टोक बाहेर. शर्यतीत हवा संपली की ग्लायडर कुठल्याही शेतात उतरतो, आणि ढेकळांवर उतरताना अशा ग्लायडरची पोटं फुटायला लागली. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी केलेला नियम उलट खर्च वाढवत होता. शेवटी १९७० च्या आसपास आत ओढायच्या चाकाला परवानगी मिळाली. त्याच सुमाराला पाण्यालाही.

मग फ्लॅपचं प्रकरण. उतरताना वेग आवरायला म्हणून पंखाच्या मागच्या कडेला फळी चालेल, अशी सूट दिली गेली. डिझायनरांनी तीच फळी वेग वाढवायलाही वापरली. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात हेल्मुट राइशमान अशाच एलएस-टू वर बसून जिंकला आणि १९७६ मध्ये फिनलंडमध्ये तर पहिले तिन्ही क्रमांक पिक-ट्वेंटी या एकाच जातीच्या ग्लायडरने नेले. एवढा आरडाओरडा झाला की गटच फोडावा लागला. फ्लॅपवाल्यांसाठी '१५ मीटर' हा वेगळा गट, बिनफ्लॅपवाल्यांसाठी जुना स्टँडर्ड.

माझ्या एका जुन्या नोकरीत अप्रेझल 'किती बग बंद केले' यावर ठरायचं. तिसऱ्या महिन्यात लोकांनी आधी बग घालून मग ते बंद करायला सुरुवात केली होती. त्यामुळे वरचा परिच्छेद वाचताना मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तुम्ही जे मोजता त्याच्या कडेकडेने हुशार माणूस वाट काढतोच.

पाणी चालतं म्हटल्यावर प्रश्न उरला, किती? आणि इथे वजनाची मर्यादा अवतरते. ती दोन बाजूंनी आली. एक बाजू सुरक्षिततेची. पंखाचा मुख्य कणा किती भार सोसेल, ओढून नेणाऱ्या विमानाची ताकद किती, शेतात उतरताना काय होईल. युरोपच्या प्रमाणपत्राच्या नियमांत साध्या ग्लायडरला ७५० किलो आणि स्वतःचं इंजिन असलेल्याला ८५० किलो अशी रेघ होती. दुसरी बाजू खेळाची. सगळ्यांनी निदान एका आकड्याच्या आत राहावं म्हणून गटागटाचं कमाल वजन ठरलं. २०१० च्या दशकातल्या नियमपुस्तकात बघितलं तर स्टँडर्ड आणि १५ मीटर गटाला ५२५ किलो, १८ मीटरला ६००, आणि खुल्या गटाला ८५०. वजनकाटा मैदानावरच असतो. उड्डाणाआधी ग्लायडर वैमानिकासकट, पाण्यासकट तोलला जातो आणि जास्त भरला तर गुण कापतात.

आता तो लक्षात ठेवलेला आकडा काढा. १९५८ चा का-सिक्स ३०० किलो. पुढच्या काळातला स्टँडर्ड ग्लायडर, समजा १९८४ चा डिस्कस, ५२५ किलो. दोघांचेही पंख १५ मीटर, गटाचं नावही तेच, स्टँडर्ड. पंखाच्या दर चौरस मीटरवर पडणारा भार मात्र सुमारे २४ किलोवरून ५० किलोवर गेला. दुप्पट! नावाची पाटी तीच राहिली, आतलं दुकान पूर्ण बदललं.

या बदललेल्या दुकानात आपला कार्तिक कुठे बसणार? लाकडी पंख, स्थिर चाक, पाण्याला जागा नाही. 'पाणी चालेल' हे नियमपुस्तकातले दोन शब्द. पण ते आले आणि काचतंतू, साचे, नवीन कारखाना या सगळ्याचा खर्च न झेपणारे देश शर्यतीतून आपोआप बाहेर. कोणी त्यांना हाकललं नाही. कोणी दुष्ट नव्हता. प्रत्येक बदलामागे वाजवी कारण होतं, मी वर ती दिलीच आहेत. पण आमंत्रण मात्र हळूच परत घेतलं गेलं होतं.

यावर कोणी म्हणेल की आपल्याकडे मुळात काचतंतूत वेळेवर उतरलो नाही तो दोष आपला. तेही खरं आहे. आपलं ग्लायडिंग शिकवण्यासाठी होतं, जिंकण्यासाठी नव्हतं, आणि सरकारी पैसा रोहिणीसारख्या शिकवणाऱ्या ग्लायडरकडे गेला हे मला तरी चूक वाटत नाही.

*

मर्यादा आली म्हणून पळवाटा संपल्या का? छे! खुल्या गटात पूर्वी पंख वाढवायची चढाओढ होती, पार तीस मीटरपर्यंत. पण एकूण वजनाला ८५० ची टोपी घातल्यावर एक गंमत झाली. फार मोठे पंख घेतले तर तेच वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरतं, म्हणजे वेग मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या यॉन्कर बंधूंनी उलटा विचार केला. त्यांच्या जेएस-वन ग्लायडरचे पंख फक्त २१ मीटर, वजन ७२० किलोपर्यंत. ८५० च्या खूप आत, पण दर चौरस मीटरला सुमारे ५८ किलो भार. या छोट्या गड्याने कडक उन्हाच्या दिवशी अठ्ठावीस मीटरवाल्या धेंडांना घाम फोडला. मर्यादा वजनावर घातली आणि फळ मिळालं लहान पंखांना.

एक चांगलंही झालं. वजनाची मर्यादा एकूण असल्यामुळे वैमानिकाच्या अंगकाठीचा प्रश्न बराच सुटला. ५५ किलोची वैमानिक ९५ किलोच्या पैलवानापेक्षा चाळीस लिटर पाणी जास्त भरू शकते, काटा दोघांचा सारखाच. कुस्तीत असं नाही करता येत. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं ते ५७ किलोच्या गटात, तिथे मापात बसायचं ते स्वतःच्या अंगाने. ग्लायडिंगचं नातं जास्त आहे ते महालक्ष्मीच्या रेसकोर्सशी. तिथल्या हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणजे सगळे बरोबरीत येतील.

आणि ही हँडिकॅपची कल्पनाच शेवटी जुन्या ग्लायडरच्या मदतीला आली. 'क्लब' नावाचा गट निघाला. पाणी बंद, आणि प्रत्येक जातीच्या ग्लायडरला त्याच्या कुवतीप्रमाणे गुणक. जुना, स्वस्त ग्लायडर घेऊन या, तुमचा वेग त्या गुणकाने सुधारून मोजू. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात या गटाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. म्हणजे १९५८ मध्ये स्टँडर्ड गटाने जे करायचं ठरवलं होतं ते त्रेचाळीस वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आलं. याच्या अधेमधे सगळ्यांना एकच ग्लायडर द्यायचा ऑलिंपियावाला प्रयोगही पुन्हा झाला, पोलंडच्या पीडब्ल्यू-फाइव्ह वर. १९९७ पासून त्याच्या जागतिक स्पर्धा झाल्या, पुढे तो गट बंद पडला. कारण? स्वस्त होता, सोपा होता, पण हळू होता. वैमानिकांना मजा येईना. यातही एक धडा आहे. फक्त परवडणारं असून भागत नाही, हवंहवंसंही असावं लागतं.

म्हणून मला आता वाटतं, ५२५ किलो हा आकडा विज्ञानातून आलेला नाही. विज्ञान फक्त एवढंच सांगतं की जड असलं की वेग मिळतो आणि चढण महाग पडते. रेघ कुठे मारायची हे माणसं ठरवतात. आणि ती रेघ मारताना नकळत हेही ठरतं की खेळात कोण असेल आणि कुंपणाबाहेर कोण उभं राहील. आपण प्रोग्रामर दिवसभर असेच आकडे ठरवत असतो. किमान एवढी रॅम, अमुक ब्राउझर, इतकाच अपलोड. ते आकडे लिहिताना कुंपणापलीकडचा माणूस आपल्याला दिसतो का? मला तरी आजवर फारसा दिसला नव्हता. या आठवड्यात एका फॉर्ममधली 'किमान' अट लिहिताना पहिल्यांदा हात थबकला. कारण कार्तिक.

*

काल भाचीला फोन करून चूक कबूल केली. जड असलं की सरळ जाताना वेग वाढतो, वर चढताना त्रास होतो, म्हणून माणसं पाणी भरतात आणि नको झालं की सोडून देतात, असं सगळं नीट सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग घारीला पाणी सोडायचं असेल तर?"

"घार मासा उचलते ना, तो सोडून देईल."

"कशाला सोडेल? एवढ्या मेहनतीने उचललेला."

याला माझ्याकडे उत्तर नाही. येत्या रविवारी पुन्हा पाचूबंदराला जाऊन बघणार आहोत. मासळी आणायची आहेच :-)